ऑर्डिनरीने गिळलेला खडा

उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी जेवून पडावं, कूलर सुरू करावा, वाळ्याचा ओला वास खोलीभर व्हावा आणि डोळा लागत यावा, की खालून तो आवाज यायचा. कटर्र. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा कटर्र. अर्धवट झोपेत तो कशाचाही वाटे. कुणीतरी लांबून गिट्टीवरून चालत येतंय, असा मला वाटायचा. बायकोला वाटायचं, बैलगाडी नदीच्या कोरड्या पात्रातून चालली आहे. आम्ही दोघं एकाच पलंगावर पडून एकाच आवाजाची दोन वेगवेगळी स्वप्नं पाहत असू. प्रत्यक्षात खालच्या मजल्यावरचा कुत्रा तोंडात दगड घोळवत असायचा.

कुत्रा आमच्या घरमालकीणबाईंचा. प्रतापनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, आमचं स्वतःचं घर बांधून होईपर्यंत, आम्ही काही वर्षं भाड्याने राहिलो. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे, म्हणून आम्हीही काकूच म्हणू लागलो. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावर त्या आणि कुत्रा, एवढंच घर होतं.

काकू टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. आता हे समजावून सांगावं लागतं. त्या काळी दुसऱ्या गावच्या माणसाशी बोलायचं तर कॉल नोंदवून वाट पाहावी लागे. लाइन लागली की ऑपरेटर जोडून देई, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच विचारी, तीन मिनिटं झाली, वाढवायचं का? लोकांचे साखरपुडे, बाळंतपणं, आजारपणं या तीन मिनिटांत बसवलेली असत. काकूंनी उभं आयुष्य कानाला हेडफोन लावून लोकांना ती बसवताना ऐकलं होतं. त्याचा परिणाम असा, की त्यांना जास्तीचा शब्द सहनच होत नसे.

बायको त्यांना एकदा कोथिंबिरीची सांबारवडी देऊन आली. कशी झाली म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या, "मीठ आहे." बायकोचा चेहरा पडला. पुढे वर्षभरात आमच्या लक्षात आलं, की एखादी गोष्ट बिघडली असेल तर त्या गप्प राहतात. "मीठ आहे" ही पसंती होती. तेव्हापासून आमच्या घरी चांगल्या जेवणाला तोच शब्द आहे.

कुणी ओसरीवर बसून लांबण लावली, की काकू भिंतीकडे बघत शांतपणे म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" नवीन माणूस रागावून उठून जाई. जुना माणूस "वाढवा" म्हणे, आणि मग त्या खरोखर पुन्हा पहिल्यासारखं ऐकायला लागत. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. कळमन्याच्या बाजारातले काटे तपासण्यात माझी निम्मी नोकरी गेली. काकूंकडे मला बरं वाटे ते यामुळेच, की तिथे शब्द तोलून मिळत.

कुत्र्याचं नाव ऑर्डिनरी. तेव्हा कॉलचे तीन प्रकार असत. ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यांत घाईचा लाइटनिंग. हा कुत्रा पिल्लू असताना फाटकाबाहेर येऊन बसला. भुंकला नाही, केकाटला नाही, सकाळपासून नुसता बसून राहिला. संध्याकाळी काकूंनी फाटक उघडलं. त्या म्हणाल्या, "हा ऑर्डिनरी कॉल आहे. वाट पाहते, तक्रार करत नाही." तेच नाव पडलं. पुढे तो चांगला तीस किलोचा झाला, रंगाने भाजलेल्या विटेसारखा, एक कान उभा आणि एक पडका. गल्लीतली मुलं त्याला आर्डनरी म्हणत आणि तो त्यालाही ओ देई.

तो दगड खाई. नुसते चघळत नसे, चुकून नव्हे तर चांगले निवडून गिळतही असे. दगडांशिवाय साबणाची वडी, चपलेचा अंगठा, पणती, कूलरच्या जाळीतला वाळा, हेही त्याने खाल्लं होतं. पण जीव दगडावर. पशुवैद्य घरी येऊन तपासून गेले होते. रक्त कमी असेल, जंत असतील, आईपासून लवकर तुटला असेल, एकटेपणाही असेल, असं त्यांनी सांगितलं, औषधं दिली आणि अंगणातले दगड वेचून टाका म्हणाले. काकूंनी वेचले. ऑर्डिनरीने कुंडीतली माती उकरून खालचे काढले.

त्याच्या तोंडातून दगड सोडवायची काकूंची एक रीत होती. ओरडायचं नाही, जबडा पकडायचा नाही. त्याच्यासमोर स्टुलावर बसायचं, तळहात पुढे करायचा आणि नेहमीच्या आवाजात म्हणायचं, "ऑर्डिनरी, लाइन सोड." मग थांबायचं. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने, तो मान खाली करून ओला, कोमट गोटा त्यांच्या हातावर ठेवी. काकू पदराने हात पुसत. पाहणाऱ्याला वाटे, दोघांत काही व्यवहार चालला आहे आणि आपण मध्ये बोलू नये.

एकदा त्याने माझं वजन गिळलं. सरकारी नव्हे, सरकारी वजनं मी घरी आणत नाही. माझ्या वडिलांच्या किराणा दुकानातलं जुनं पितळी वजन, वीस ग्रॅमचं, मी कागदावर ठेवायला वापरत असे. ते गॅलरीतून खाली पडलं आणि पडल्या जागीच संपलं. यथावकाश ते बाहेर आलं. मी ते धुतलं, उकळलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात नेऊन तोललं. जुनी झीज सोडली तर काही फरक नव्हता. हे मी काकूंना मुद्दाम खाली जाऊन सांगितलं. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. "म्हणजे याचं पोट इमानदार आहे," त्या म्हणाल्या.

तो दगड का खातो, याबद्दल डॉक्टरांपेक्षा त्यांचं मत वेगळं होतं. भुकेने नाही, तो ऐकतो, असं त्या म्हणत. दाताला दगड लागला की आवाज बाहेरून कानात येत नाही, हाडातून आत जातो. हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. एका दुपारी त्यांनी नदीतला असावा असा एक गुळगुळीत गोटा भांड्यासारखा घासून धुतला, तोंडात घातला आणि डोळे मिटून ओसरीवर बसल्या. मी कार्यालयातून लवकर आलो होतो. सत्तरीकडे झुकलेली बाई पांढऱ्या सुती साडीत, गालात गोटा घेऊन बसली आहे आणि समोर कुत्राही तसाच बसला आहे. दोघांचे डोळे मिटलेले. वर कडुनिंब हलत नव्हता. मी चप्पल न वाजवता जिना चढलो.

संध्याकाळी त्यांनीच सांगितलं. "लाइन मोकळी असली की असाच आवाज ये. कोणी बोलत नाही, पण लाइन जित्ती आहे, हे समजे."

आता पुतण्याबद्दल. तो काकूंच्या दिरांचा मुलगा, शहराच्या दुसऱ्या टोकाला, सदरला राहतो, तिथेच त्याचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. पण लहानपणी सावनेरला मामाकडे त्याला कुत्रं चावलं होतं आणि त्या काळातली पोटातली इंजेक्शनं तो विसरला नव्हता. तो दर महिन्याला येई, फाटकाबाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवी आणि काकू फाटकाशी जाऊन बोलत. संत्री, औषधं, जे आणलं असेल ते फाटकावरून आत देई. इतक्या वर्षांत त्याने आत पाऊल टाकलं नव्हतं.

फाटकावरच्या त्या बोलण्यात एक वाक्य हमखास असे. "काकू, तो खडा लॉकरात ठेवा ना."

खडा म्हणजे पुष्कराजाची अंगठी. पुतण्याच्या आजीची, म्हणजे काकूंच्या सासूबाईंची. आजीच्या मांडीवर तो वाढला, आणि तिच्या बोटातला तो पिवळा खडा डोळ्याला लावून त्यातून कंदील बघत असे, हे त्याने मलाही एकदा सांगितलं होतं. सासूबाईंनी जाताना ती अंगठी काकूंना दिली. काकू ती घालत नसत, कपाटातही ठेवत नसत. खिडकीच्या फळीवर एका बशीत ती असे, सेफ्टी पिना आणि रबरबँडांच्या शेजारी. सकाळचं ऊन आलं की भिंतीवर मधाच्या थेंबासारखा डाग पडे. त्या घरात खडा म्हटलं की तो एकच. कुत्रा खाई त्याला काकू नेहमी गोटा म्हणत. आज दोन गोटे सोडवले. आज गोटा लहान होता. मी शब्दांकडे लक्ष ठेवणारा माणूस आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी मी गॅलरीत असताना ऑर्डिनरीने कुंडीमागून एक गोटा काढला आणि काकू स्टुलापर्यंत पोचायच्या आत गिळला. लिंबाएवढा असेल. मी वरून ओरडलो, पण उशीर झाला होता. असं पूर्वी झालं नव्हतं असं नाही. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटात पाणीही ठरलं नाही. तिसऱ्या दिवशी मी खाली गेलो तेव्हा तो पाठीची कमान करून भिंतीशी उभा होता, पोट टणक झालं होतं आणि हिरड्या फिक्या पडल्या होत्या. काकू त्याच्यासमोर तळहात पुढे करून बसल्या होत्या. काही म्हणत नव्हत्या. तो त्यांच्या हाताकडे बघत होता, पण द्यायचं ते आता त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

पशुवैद्यांनी फोनवर सांगितलं, आत अडकलं आहे, घरी काही होणार नाही, ताबडतोब दवाखान्यात आणा, दुपार होऊ देऊ नका. माझ्याकडे स्कूटर. मी कोपऱ्यावरून एकामागून एक ऑटो थांबवून पाहिले. वांती करणारा तीस किलोचा कुत्रा म्हटल्यावर एकही तयार होईना. गाडी होती ती पुतण्याकडे. आदल्या वर्षी ऑर्डिनरीला ताप आला तेव्हा काकूंनी त्याला फोन केला होता. तेव्हा तो म्हणाला होता, काकू, डॉक्टरले घरी बोलवा, पैसे मी देतो, पण कुत्र्यासाठी मले नका बोलावू.

काकू आत गेल्या. त्यांनी अजून जुना काळा फोन ठेवला होता. मी दारात उभा होतो. त्यांनी नंबर फिरवला, पलीकडून आवाज आला आणि त्या त्यांच्या नोकरीतल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "ऑर्डिनरीनं खडा गिळला. जिवावर बेतलं आहे. गाडी घेऊन ये."

आणि फोन ठेवला. तो लगेच वाजू लागला. वाजत राहिला. काकूंनी उचलला नाही. बोलणं झालं होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. बशीत अंगठी होती आणि तिचा पिवळा डाग भिंतीवर होता. काकू खिडकीशी गेल्या, अंगठी उचलून बोटात घातली, खडा तळहाताच्या बाजूला फिरवला आणि मूठ मिटली. 

सदरहून इतक्या लवकर कुणी येऊ शकतं, हे मला त्या दिवशी समजलं. पुतण्याने हॉर्न वाजवला नाही. फाटक ढकलून तो आत आला, ओसरीच्या पायरीवर क्षणभर अडला, कुत्र्याला पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुम्ही पाहिलं गिळताना?"

मी पाहिलं होतं. मी म्हणालो, "हो, माझ्या डोळ्यांदेखत."

त्याने घाम पुसला. मग तो खाली वाकला आणि ज्या कुत्र्यामुळे तो कित्येक वर्षं फाटकाबाहेर बसला होता, त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले. मी मागची बाजू धरली. उचलताना त्याने डोळे घट्ट मिटले होते. गाडी मला चालवायला लावली, कारण त्याला मागे बसायचं होतं. काकू पुढे माझ्या शेजारी बसल्या. वाटेत ऑर्डिनरी घसरला तर, दबला तर, असं त्याला वाटत होतं. आरशात मला दिसे, कुत्र्याचं डोकं त्याच्या मांडीवर आहे आणि तो हात वर धरून बसला आहे, कुठे ठेवावा ते न कळून. शंकरनगरच्या चौकात सिग्नलला थांबलो. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, डांबर हलत असल्यासारखं दिसत होतं. ऑर्डिनरी कण्हला. मी आरशात पाहिलं तेव्हा पुतण्याचा हात त्याच्या पडक्या कानावर होता.

"होऊन जाईन गा," तो त्याला म्हणत होता. "पोचूनच राहिलो आपण."

दवाखान्यात एक्स-रे काढला. काळ्या काचेवर फासळ्यांच्या खाली एक पांढरा, गोल डाग. ढगाआडच्या चंद्रासारखा. पुतण्या त्याच्याजवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिला. चष्म्याच्या धंद्यातला माणूस. आकार त्याच्या नजरेला कळतो.

"काकू, हा तं लय मोठा दिसून राहिला," तो म्हणाला.

काकू मूठ मिटून बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हो."

ऑपरेशन व्हायला वेळ लागला. पुतण्या सही करून आला, दुकानावर फोन करून आज उघडू नका म्हणाला, पाणी आणून काकूंना दिलं. त्याच्या शर्टावर ऑर्डिनरीची लाळ वाळली होती आणि त्याला ते माहीत नव्हतं. मी माझ्या मनाशी हिशेब मांडत होतो, की खरं बोलून चुकीचं माप देता येतं का. माझ्या खात्यात त्याला नियम आहे. काटा बरोबर असून चालत नाही, गिऱ्हाइकाला तो दिसलाही पाहिजे. पण आत एक जीव टेबलावर होता आणि मी गप्प बसलो.

डॉक्टर ट्रे घेऊन बाहेर आले. कुत्रा वाचेल म्हणाले. आणखी थोडा उशीर झाला असता तर आतडं गेलं असतं. ट्रेमध्ये एक करडा गोटा होता, एका अंगाला पांढरी रेघ असलेला. बाकी थोडा वाळा.

पुतण्याने गोटा उलटा केला. वाळा बोटाने बाजूला केला. मग तो काकूंकडे वळला. काकूंनी मूठ उघडली. दवाखान्याच्या ट्यूबलाइटमध्येही तो खडा पिवळाच दिसत होता.

एक बाई मांजराचा पिंजरा घेऊन आमच्या मधून गेली.

"काकू," पुतण्या म्हणाला, "गोटा म्हणता आलं असतं."

"गोटा म्हटलं असतं तं तू आला असता?"

त्याने ट्रेमधला गोटा उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"ट्रंक कॉलले शब्द निवडूनच बोला लागते," काकू म्हणाल्या. मग त्यांनी अंगठी काढून त्याच्यापुढे धरली. "घेऊन जा. लॉकरात ठेव."

मला वाटलं, आता हा घेईल, किंवा रागाने निघून जाईल. त्याने अंगठीकडे पाहिलं, स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. मग बाकावर त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "असू द्या तुमच्याजवळ. याले घरी केव्हा नेता येईन, ते विचारतो पहिले."

त्यानंतर हॉर्न बंद झाला. तो आत येऊ लागला. आधी टाके पाहायला म्हणून, मग काही कारण न सांगता. काकूंनी गोटा धुऊन बशीत ठेवला, अंगठीच्या शेजारी. सकाळी ऊन आलं की मधाचा तो थेंब भिंतीवर पडे आणि त्याच्या बाजूला गोट्याची लहानशी सावली. ऑर्डिनरीची सवय पूर्ण गेली नाही. तो आता गिळत मात्र नसे, नुसता घोळवी. डॉक्टर म्हणाले, औषधाचा गुण. काकू म्हणाल्या, "फक्त ऐकते."

आमचं घर झालं आणि आम्ही तिथून निघालो. काकू गेल्याचं मला पुतण्याच्या फोनवरून कळलं. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो होतो, तेव्हा त्यांना बोलण्याचा त्रास होत होता. मी घराच्या, पाण्याच्या, रस्त्याच्या गोष्टी सांगत बसलो होतो. त्या डोळे मिटून म्हणाल्या, तीन मिनिटं झाली. मी म्हणालो, वाढवा. त्यांनी मान हलवली, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो.

काही दिवसांपूर्वी सदरला काम होतं, म्हणून पुतण्याच्या घरी गेलो. दुपारची वेळ. त्याने पंखा वाढवला, पाणी दिलं. खिडकीत तीच बशी होती, अंगठी आणि गोटा दोन्ही तसेच. मी लॉकरचं विचारलं. तो म्हणाला, राहू द्या ना, उन्हात बरा दिसते.

ऑर्डिनरी आतून आला. तोंड पांढरं झालं आहे, चाल मंदावली आहे. गालात काहीतरी होतं. पुतण्याने बसायचा वेताचा मोढा पुढे ओढला, त्याच्यासमोर बसला, तळहात पुढे केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ऑर्डिनरी, लाइन सोड."

कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलं. सोडली नाही. डोळे अर्धे मिटून तो दगड घोळवू लागला. कटर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा कटर्र, जसं कुणी लांबून गिट्टीवरून चालत यावं. पुतण्याने हात मागे घेतला नाही आणि दुसऱ्यांदा सांगितलंही नाही. आम्ही दोघं ऐकत बसलो. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली असतील. वाढवायचं का, असं विचारणारं कुणी नव्हतं, आणि लाइन चालूच होती.